मदत हवी आहे: सरपंच एका पॅनलचे, बहुमत दुसऱ्याचं

बोरीकाठचं आमचं गाव, जिल्हा जळगाव. सरपंच थेट जनतेतून आले, सदस्य मात्र दुसऱ्या पॅनलचे जास्त. मासिक सभेत पाइपलाइन मांडा की गटार, ठराव पडतोच. वित्त आयोगाचा निधी पडून, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. भाऊबंदकीतली घरंही बोलेनाशी झालीत, ते जास्त जिव्हारी लागतं.

जुन्याजाणत्यांना मध्ये घालून झालं. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली. अविश्वास ठराव नको, फूट वाढेल. कोर्ट परवडणार नाही. मी कुठल्याच पॅनलचा नाही.

ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 49 खाली दोन्ही बाजूंची ग्रामविकास समिती करून निदान पाण्याचं काम पुढे नेता येईल का? धुळे-नंदुरबारकडे कुणी केलं असल्यास, दोन्ही पॅनल पहिल्यांदा एकत्र कुणी आणि कसे बसवले?