विषय: माँटगोमेरी काउंटीत येतोय, शाळा कशा पारखायच्या?

नमस्कार मंडळी,

या ईमेल यादीवर नवीन आहे. सध्या टेक्सासात ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो, जुलैत मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत, बेथेस्डाला एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत रुजू व्हायचंय. बायकोचं काम घरूनच असतं. मुलगी तिसरी संपवतेय, मुलगा येत्या २० सप्टेंबरला पाच पूर्ण करेल.

गेले तीन आठवडे रोज रात्री मुलं झोपली की आम्ही दोघं लॅपटॉप उघडून बसतो. घर आवडतं, त्याच्या जाहिरातीखाली तिथल्या शाळेला दिलेला आकडा दिसतो: दहापैकी चार. मग नऊवाली शाळा शोधतो, तिथल्या घराची किंमत बघतो आणि लॅपटॉप मिटतो. एक्सेलमध्ये आता ४२ शाळा आहेत, आणि त्यावरून झालेली भांडणं त्याहून जास्त.

क्लार्क्सबर्गला टाउनहाउस घ्यावं की रॉकव्हिलला भाड्याने राहावं, एवढ्यावर गाडी आली आहे. हे आकडे कितपत खरे धरायचे? आणि काउंटी म्हणून शाळा खरंच चांगल्या आहेत का? इथे ज्याला त्याला विचारलं की "माँटगोमेरी? मग प्रश्नच नाही" असं उत्तर मिळतं, पण तसं सांगणाऱ्या एकाचंही मूल तिथे शिकलेलं नाही.

ऑस्टिनकर (जुलैपर्यंत)

---

वूटन, चर्चिल, व्हिटमन. या तिघांपैकी एका हायस्कूलच्या हद्दीत घर घ्या, मग ते लहान का असेना. बाकी एक्सेल डिलीट करा. आमची दोन्ही मुलं चर्चिलची. घराचे पैसे कधीच वसूल झाले.

पोटोमॅकचे काका

---

नदीपलीकडून लुडबुड करतोय, माफ करा. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीचाही विचार करा. माँटगोमेरी काउंटी तुमच्या उत्पन्नावर राज्याच्या करावर आणखी तीन टक्क्यांहून जास्त घेते, आमच्याकडे काउंटीचा आयकर नाही. (गाडीवर दरवर्षी टॅक्स आहे, तो भरताना मी शिव्या घालतो, ते सोडा.) शिवाय तुमचा मुलगा व्हर्जिनियात याच वर्षी किंडरगार्टनला बसेल. आमची तारीख ३० सप्टेंबर, मेरीलँडची १ सप्टेंबर. वीसेक दिवसांसाठी अख्खं वर्ष डेकेअरचे पैसे भरायचे? शिवाय निवडून प्रवेश देणारं नावाजलेलं थॉमस जेफरसन हायस्कूल आहेच, जरी तिथली प्रवेशपरीक्षा २०२० मध्ये गेली आणि आता प्रत्येक मिडल स्कूलमधल्या आठवीच्या दीड टक्का जागा ठरवून दिल्यात, त्यामुळे पूर्वीसारखं गणित मांडता येत नाही.

फेअरफॅक्सवाला

---

ऑस्टिनकर,

तुझ्याएवढा माझा मुलगा आहे, म्हणून अरे-तुरे करते. मी १९९८ पासून जर्मनटाउनला आहे आणि त्यातली अकरा वर्षं इथल्याच एलिमेंटरी शाळांमध्ये पॅरा-एज्युकेटर होते. म्हणजे वर्गात बाईंच्या हाताखाली, जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात आणि शाळा सुटताना बसच्या दाराशी. दाराशी उभं राहून शाळा जेवढी कळते तेवढी वेबसाइटवर कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण गडबड तिथेच आहे. टेक्सासात हजाराच्या वर स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणारी स्वतंत्र मंडळं, आहेत. पत्ता ऑस्टिनचा आणि शाळा शेजारच्या राउंड रॉक डिस्ट्रिक्टची, हे तुला नवीन नाही. मेरीलँडमध्ये सगळ्या राज्यात मिळून २४ आहेत: २३ काउंट्या आणि एक बाल्टिमोर शहर. माँटगोमेरीचं बोर्ड एक, पगारश्रेणी एक, आणि त्याखाली २०० हून जास्त शाळा, दीड लाखावर मुलं. "काउंटीच्या शाळा चांगल्या" म्हणजे "पुणे जिल्ह्यातल्या शाळा चांगल्या" म्हटल्यासारखं आहे. कोथरूड आणि वेल्हे दोन्ही त्याच जिल्ह्यात येतात.

आता आकडे. तो दहापैकीचा आकडा बराचसा राज्याच्या परीक्षेवर उभा असतो. आपली परीक्षा एमकॅप, ती तिसरीपासून सुरू होते. म्हणजे ज्या वर्षांत पोर वाचायला शिकतं, ती वर्षं त्या आकड्यात थेट येतच नाहीत. आणि परीक्षेचे गुण घरच्या परिस्थितीचं बोट धरून चालतात. मागच्या महिन्यात एल साल्वाडोरहून आलेलं, इंग्रजीचा गंध नसलेलं पोर आणि दोन डॉक्टरांचं पोर एकाच पेपरला बसतात, मग त्यातून शाळेचा आकडा निघतो! मी सगळ्यात जास्त वर्षं जिथे काढली त्या शाळेचा आकडा तुझ्यासारख्याने बघितला तर लॅपटॉप मिटेलच. पण सवलतीच्या जेवणाची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतली, मुलं जास्त म्हणून काउंटीने तिला फोकस स्कूल ठरवलेलं, आणि अशा शाळांत दुसरीपर्यंतचे वर्ग लहान ठेवतात. आमच्या बाईंच्या पहिलीत अठरा मुलं होती. माझी नात नऊवाल्या शाळेत जाते, तिच्या पहिलीत पंचवीस होती.

म्हणून मेरीलँड रिपोर्ट कार्ड ही राज्याची साइट उघड. राज्य प्रत्येक शाळेला एक ते पाच तारे देतं, ते बघून थांबू नकोस, खाली जा. तिथे गटवार निकाल आहेत, आणि "ग्रोथ" आहे, म्हणजे आधी तेवढेच गुण असलेल्या इतर मुलांच्या मानाने इथलं मूल किती पुढे सरकलं. मी स्वतः गैरहजेरी आधी बघते. दहा टक्के किंवा जास्त दिवस शाळा बुडवणारी मुलं किती, हे तिथे दिलेलं असतं. मुलं यायलाच तयार नसतील तर बाकी सगळं बोलणं फुकट. मग काउंटीचं "स्कूल्स ॲट अ ग्लान्स" हे शाळावार माहितीचं पुस्तक काढ. त्यात मोबिलिटी शोध: वर्षाच्या मध्येच किती मुलं आली, किती गेली. हा आकडा मोठा असला की बाईंचा अर्धा जीव नव्या मुलाला रुळवण्यात जातो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि पत्ता! रॉकव्हिल म्हणजे नक्की कुठलं रॉकव्हिल? पत्त्यात रॉकव्हिल लिहिलेलं घर वूटनला जाईल, रिचर्ड माँटगोमेरीला जाईल की रॉकव्हिल हायस्कूलला, हे गल्ली ठरवते. काही एलिमेंटरी शाळांतली मुलं पुढे दोन वेगळ्या मिडल स्कूलमध्ये फुटतात, मैत्रिणींची ताटातूट होते. काउंटीच्या साइटवर पत्ता टाकला की तिन्ही शाळा दिसतात, तेवढंच खरं मान. जाहिरातीत लिहिलेली शाळा खरी मानू नकोस. ब्रोकरला विचारलंस तर तो गुळमुळीत बोलेल. त्याच्यावर चिडू नकोस. "ही वस्ती चांगली, ती नको" असं सुचवणं फेअर हाउसिंगच्या (घरांबाबतच्या भेदभावाविरुद्धच्या) कायद्यात अंगाशी येतं.

आमचंच सांगते. २००३ मध्ये घर घेताना एक हायस्कूल मनात धरून घेतलं. ऐपतीच्या चाळीस हजार वर गेलो, ह्यांनी दोन वर्षं शनिवारी जास्तीचं काम केलं. २००६ मध्ये क्लार्क्सबर्ग हायस्कूल उघडलं, आजूबाजूच्या सीमा हलल्या, आणि आमची गल्ली भलतीकडेच गेली. ज्या शाळेसाठी पैसे मोजले तिच्या जिन्यावर माझा मुलगा एकदाच चढला, ट्रॉम्बोनच्या स्पर्धेसाठी. अलीकडेही गेथर्सबर्गला क्राउन आणि रॉकव्हिलला वुडवर्ड अशा दोन हायस्कुलांच्या निमित्ताने सीमांची मोठी फेरआखणी काढली. तीस वर्षांचं कर्ज आणि दर काही वर्षांनी सरकणारी रेघ, यांचं लग्न लावू नकोस. एक वर्ष भाड्याने राहा.

क्लार्क्सबर्गबद्दल: आपली माणसं भरपूर, घरं नवीन, पण वस्ती शाळांपेक्षा भराभर वाढली. काउंटीच्या बांधकाम आराखड्यात (सीआयपी म्हणतात) प्रत्येक शाळेची क्षमता आणि पुढच्या वर्षांचा पटाचा अंदाज असतो. तो वाचायचा कंटाळा आला तर रविवारी शाळेच्या मागे जाऊन पोर्टेबल (तात्पुरत्या) खोल्या मोज. बेथेस्डाला जायचं तर २७० हायवेवरची सकाळही मोज. रॉकव्हिलहून रेड लाइन मेट्रोने मेडिकल सेंटरला उतरलास की एनआयएच समोर.

फेअरफॅक्सवाल्यांचं तारखेचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धं. माँटगोमेरीत २ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या वाढदिवसवाल्यांना लवकर प्रवेशासाठी अर्ज करता येतो. मुलाची तयारी तपासतात, सरसकट घेत नाहीत. आजच चौकशी कर.

जर्मनटाउनची काकू

---

काकूंच्या मेलला माझी एक पुरवणी, गेथर्सबर्गहून.

माझ्या धाकट्याला स्पीचसाठी (बोलण्याच्या अडचणीसाठी) आयईपी आहे, म्हणजे खास गरजेच्या मुलासाठी शाळेने आखून दिलेला शिक्षणाचा आराखडा. आम्ही न्यू जर्सीहून आलो तेव्हा कुठलाच आकडा माझ्या कामाचा नव्हता. मी तीन शाळांना फोन केले आणि एकच विचारलं: तुमच्याकडे स्पीचच्या बाई आठवड्यातून किती दिवस असतात? एका ठिकाणी मला मागे फोनच आला नाही. दुसऱ्या ठिकाणी ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, थांबा, त्या इथेच आहेत, त्यांनाच देते. आम्ही त्या दुसऱ्या शाळेच्या हद्दीत घर शोधलं. तारे किती होते हे मला आजही आठवत नाही.

कोणाच्या मुलाचा आयईपी असेल तर मूळ कागद सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. दुसऱ्या राज्यातून आलात तरी नवीन आयईपी होईपर्यंत तशाच तोडीच्या सोयी देणं शाळेला कायद्याने भाग आहे, पण जुना आयईपी शाळेच्या हाती लागला तर.

ऑस्टिनकर, तुमच्या मुलीबद्दल: इथे चौथी-पाचवीत हुशार मुलांसाठी वेगळे वर्ग आहेत, त्यांची छाननी तिसरीतच होते. ती वेळ तुमची कदाचित हुकली. गणिताचं तसं नाही. चौथीत कॉम्पॅक्टेड मॅथ म्हणून वर्ग चालत आलाय (यंदा आहे का ते आधी विचारा), त्यात दोन वर्षांत तीन वर्षांचं गणित उरकतात आणि ती मुलं सातवीत अल्जिब्राला पोचतात. तिकडच्या शाळेत मॅप ही वाचन-गणिताची परीक्षा घेतली असेल तर तो निकाल घेऊन या आणि पहिल्याच आठवड्यात काउन्सेलरला भेटा. नोव्हेंबरमध्ये जाल तर "पुढच्या वर्षी बघू" म्हणतील.

---

काकूंचा अनुभव दांडगा आहे, मान्य. पण शेवटी कॉलेजला मूल कुठे जातं तेच बघायचं ना? मुलाला आजूबाजूला अभ्यास करणारी मुलं लागतात. हे मी कोणाला कमी लेखून म्हणत नाही. आम्ही दादरला असतानाही आईवडिलांनी शाळा बघूनच खोली घेतली होती.

पोटोमॅकचे काका

---

काका, ब्लेअर हायस्कूल तुमच्या तीन नावांत नाही. सिल्व्हर स्प्रिंगला, तऱ्हेतऱ्हेच्या घरांतली मुलं, सरासरी काढली तर तुम्ही ढुंकून बघणार नाही. १९८५ पासून विज्ञान-गणिताचा मॅग्नेट, म्हणजे निवडक मुलांचा खास कार्यक्रम, त्याच शाळेत चालतो, आणि तुमच्या पोटोमॅकची मुलं तिथे जायला धडपडत आली आहेत. अभ्यास करणारी मुलं आणि न करणारी मुलं एकाच कॉरिडॉरमधून जातात, आकडा दोघांचा मिळून एक. (हे कार्यक्रम विभागवार वाटायची चर्चा बोर्डात झाली आहे, तेव्हा ऑस्टिनकर, आत्तापासून मॅग्नेट धरून घर बघू नकोस, पोरगी अजून नऊची नाही.)

आणि एक सगळेच विसरतात. इथे हायस्कूल पावणेआठला भरतं. दोन मैलांच्या आत घर असेल तर बस मिळत नाही. जानेवारीत अंधारात चालत जाणारी पोरं बघितलीत ना? एलिमेंटरीला हीच हद्द एक मैलाची. फुटपाथ आहे का, मोठा रस्ता ओलांडायचा आहे का, हे घर बघतानाच बघ.

काकू

---

मंडळी,

गेल्या आठवड्यात चार दिवस येऊन गेलो. काकूंचं ऐकून मंगळवारपासून शाळा सुटायच्या वेळी तीन शाळांजवळ गाडी लावून बसलो. म्हणजे तीन दिवस, एकेक शाळा. तिसऱ्या दिवशी मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या एका क्रॉसिंग गार्डने येऊन काच वाजवली आणि विचारलं की तुमचं मूल कुठलं. ऑस्टिनमध्ये आहे म्हटल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग सगळं सांगितलं तर तिनेच पंधरा मिनिटं माहिती दिली: कुठली बस रोज उशिरा येते, प्रिन्सिपल नवीन आहेत पण रोज दाराशी उभ्या असतात, मागच्या पोर्टेबलमध्ये पाचवी बसते.

पहिल्या शाळेचा आकडा नऊ. ऑफिसात गेलो तर म्हणाले, रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय शाळा दाखवत नाही, वेबसाइट बघा. त्यांचा नियम असेल, पण बायकोने गाडीत बसताच एक्सेलमधली ती ओळ खोडली. क्रॉसिंग गार्डवाली शाळा पाचवर आहे, ग्रोथ चांगली, गैरहजेरी कमी. तिथल्याच हद्दीत, रॉकव्हिलला, एक वर्षाचं लीज केलंय. मेट्रोला बसने बारा मिनिटं. मुलाच्या लवकर प्रवेशाचा अर्ज दिलाय. बायकोचं म्हणणं आहे की नाही झाला तरी चालेल, तो अजून चपला उलट्या घालतो.

राहण्याचा पुरावा म्हणून लीज पुरतं ना?

रॉकव्हिलकर (होऊ घातलेला)

---

पुरतं. चालू लीज असू दे, घरमालक आणि तू, दोघांची नावं आणि सह्या असू देत. लसींचा कागद तिकडच्या डॉक्टरकडून सहीशिक्क्यासकट घेऊन नीघ, इथे नव्या डॉक्टरची अपॉइंटमेंट ऑगस्टमध्ये मिळता मिळत नाही. पोचलास की फोन कर, पहिल्या दिवशी स्वयंपाक करू नका.

काकू

---

आमच्या बेसमेंटमध्ये सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल पडून आहे, चांगलं सागवानी दिसतं. फुकट आहे, घेऊन जा. चर्चिलच्या हद्दीतलं आहे.

पोटोमॅकचे काका