उत्तर: पावडर नको, दाणे करा
कॅटॅलिस्टची (रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थाची) पावडर तशीच गॅस सोडायच्या ट्यूबमध्ये भरली की गॅसचं प्रेशर चढतं अशी इथे एकाची तक्रार आहे, चढणारच की! आधी डायमध्ये (साच्यात) घालून हायड्रॉलिक प्रेसवर टिकली पाडायची, मग खलात हलक्या हाताने फोडायची (मसाला कुटतो तशी नाही) आणि ४० नि ६० मेशच्या (इंचाला तेवढी भोकं असलेल्या) चाळण्यांच्या मध्ये राहील तेवढंच घ्यायचं, म्हणजे साधारण २५० ते ४२५ मायक्रॉनचे दाणे, खालचा चुरा परत प्रेसला. ट्यूबचा आतला व्यास दाण्याच्या निदान १० पट हवा, नाहीतर गॅस भिंतीकडेने निसटतो. प्रेसवर दाब मात्र जपून द्या, मी एकदा जोशात जास्त दिला तर टिकली दगडासारखी कडक, सरफेस एरिया (क्रियेसाठी मिळणारा पृष्ठभाग) बराच घसरलेला आणि ५ ग्रॅमची अख्खी बॅच वाया.