सोसायटीत २ एप्रिलचा कार्यक्रम : स्वमग्न मुलांच्या पालकांचे मत हवे

प्रश्न (सचिव, घोडबंदर रोड, ठाणे)

नमस्कार. आमच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर सात वर्षांचा एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा राहतो. लिफ्टमध्ये शिरला की त्याला प्रत्येक मजल्याचे बटण दाबायचे असते आणि कोणी हात धरला, तर तो कान झाकून खाली बसतो व मोठ्याने ओरडतो. यावरून दोन सभासदांनी लेखी तक्रार केली असून त्यांपैकी एकांनी "वळण लावता येत नसेल तर जिन्याने न्या" असे त्याच्या आईला तोंडावर सुनावले. जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनानिमित्त निळी रोषणाई, डॉक्टरांचे व्याख्यान आणि या कुटुंबाचा सत्कार असा बेत कार्यकारिणीने आखला आहे. सत्काराबद्दल मला शंका वाटते. अनुभवींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (आई, नेरूळ)

सत्कार कृपया करू नका. शाल घालून फोटो काढलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पुन्हा तेच डोळे वटारलेले दिसणार असतील, तर त्या शालीचे त्याच्या आईने काय करायचे?

माझा मुलगा आज पंधरा वर्षांचा आहे. लग्नकार्यात किंवा गर्दीत तो मध्येच "पुढील स्टेशन ऐरोली" असे म्हणू लागतो आणि लोक हसतात. लहानपणी थेरपीसाठी आम्ही त्याला लोकलने ठाण्याला नेत असू. परतीच्या गाडीत पहिली घोषणा हीच असायची (दिघा गाव स्थानक तेव्हा झाले नव्हते), त्यामुळे "इथून मला बाहेर काढा" हे सांगायला त्याला हेच वाक्य सापडले. आमच्या वॉचमनना एकदा हे समजावून सांगितले. आता गणपतीच्या आरतीत ताशा सुरू झाला आणि हे वाक्य ऐकू आले की ते न विचारता मागचे फाटक उघडून देतात. कोणत्याही रोषणाईपेक्षा मला त्या फाटकाचे मोल अधिक वाटते.

उत्तर (विशेष शिक्षिका, खारघर)

व्याख्यान ठेवणार असाल, तर 'वळण' या शब्दापासूनच सुरुवात करावी. हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोणी पाहते आहे का, याचा डोळ्याच्या कोपऱ्यातून अदमास घेते, तर आवाज, उजेड, स्पर्श किंवा अचानक झालेला बदल असह्य झालेल्या मुलाला बहुधा समोरच्या माणसाचेही भान उरत नाही. अशा वेळी रागावणे, दंड धरून उठवणे किंवा भोवती गोळा होणे यांमुळे त्रास वाढतोच. शांत राहून थोडी मोकळी जागा द्यावी.

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील भिन्नता आहे. ती आईवडिलांच्या संगोपनातील चुकीमुळे येत नाही आणि लसीमुळेही येत नाही. लसीचा संशय पसरवणारा १९९८ मधील शोधनिबंध 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तरी सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तो संशय अजून फिरतो आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, हेही तक्रारदार सभासदांना सौम्य शब्दांत सांगावे.

लिफ्टसाठी 'फक्त ११' असे चित्रकार्ड घरून निघतानाच मुलाच्या हाती देऊन पाहता येईल. एका दिवसात फरक पडणार नाही.

उत्तर (आजोबा, वाशी)

नेरूळच्या ताईंशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र व्याख्यान निरर्थक समजू नये. माझा नातू दोन वर्षांचा झाला तरी हाक मारल्यावर वळून पाहत नसे आणि हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसे. सुनेला काळजी वाटत होती; "आमच्या घरात सगळेच उशिरा बोलले" असे म्हणून मीच तिला गप्प केले. पुढे एका व्याख्यानात हीच लक्षणे ऐकली, तेव्हा तो चार वर्षांचा झाला होता. ती दोन वर्षे माझ्या खाती जमा आहेत. तुमच्या इमारतीतही रांगणारी मुले असतील आणि माझ्यासारखे आजोबाही असतील, त्यांना पहिल्या रांगेत बसवा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, अशा मुलांसाठी असलेल्या 'निरामय' आरोग्य विम्याची माहितीही त्याच वेळी द्यावी. आम्हाला ती फार उशिरा मिळाली.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. सत्कार आणि रोषणाई रद्द केली आहे. व्याख्यान होईल, परंतु ध्वनिक्षेपकाशिवाय. मुलाच्या आईशीही बोललो. अकराचे बटण त्याला स्वतः दाबू दिले, तर बाकीची बटणे तो बऱ्याचदा सोडून देतो, असे त्या म्हणाल्या; हे आम्ही त्यांना आजवर विचारलेच नव्हते. तक्रार करणाऱ्यांपैकी एका सभासदांनी काल लिफ्टमध्ये बटणांसमोरची जागा त्याला करून दिली. दुसरे अजून नाराज आहेत.