नीसहून माँतों : बसने दिवसभराची निवांत सहल, आईच्या गुडघ्यांना झेपेल का?

उंबरठा :
मे महिन्यात चार दिवस दक्षिण फ्रान्समध्ये नीसला मुक्काम आहे, त्यातला एक इटलीच्या सीमेजवळच्या माँतों गावासाठी ठेवलाय. सोबत ६८ वर्षांची आई. सपाटीवर तास-दीड तास आरामात चालते, पायऱ्या दिसल्या की गुडघे कुरकुरतात. खाणं शाकाहारी, अंडं चालतं. रेल्वे चाळीसेक मिनिटांत पोचवते हे ठाऊक आहे, पण खिडकीत बसून समुद्र बघत जायचंय, म्हणून बस. कोणती बस, कुठून? गाव पायऱ्यांशिवाय पाहता येतं का? वाटेत मोनाको या चिमुकल्या देशात उतरावं का? आणि जेवणाचं काय?

तिसरी_खिडकी :
बस क्रमांक ६०७, 'झू' या प्रादेशिक सेवेची. जुन्या माहितीत हिचा क्रमांक १०० असा सापडेल, तो विसरा. सुटते बंदराच्या पूर्वेला, पार्क व्हिजिए थांब्यावरून. ट्राम २ ने पोर्ट लिंपिया या शेवटच्या स्थानकावर उतरा आणि पुढे थोडं चाला. हा थांबा याआधी हललेला आहे, त्यामुळे आदल्या रात्री झूच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा.

तिकीट अडीच युरो, अंतर कितीही असो. चालकाला पन्नासची नोट दाखवू नका, सुटे ठेवा. तिकीट किंवा कार्ड यंत्राला लावायला विसरलात तर तपासनीस दंड करतो, 'माहीत नव्हतं' चालत नाही.

जाताना उजवीकडची खिडकी, येताना डावीकडची. बस सगळ्यात खालच्या रस्त्याने जाते (कड्यात तीन मजल्यांसारखे तीन रस्ते आहेत, त्यातला हा समुद्राजवळचा), म्हणून व्हिलफ्रांश गावाचा उपसागर पहिल्या काही मिनिटांतच समोर येतो. खिडकी मिळवायची तर सुरुवातीच्या थांब्यावरच चढा. मधल्या थांब्यावर थांबलात तर आई मोनाकोपर्यंत उभी राहील, आणि गाडी भरली असेल तर ती थांबतही नाही. मधल्या थांब्यावर आपल्या एसटीसारखंच, हात दाखवा बस थांबवा. नुसतं उभं राहिलात तर निघून जाते.

दीड तास धरा, जास्तही लागतो. वळणं भरपूर आहेत, मळमळत असेल तर गोळी अर्धा तास आधी. बसमध्ये स्वच्छतागृह नाही.

मे महिन्यातली मेख अशी की १ आणि ८ मे सुट्ट्या, असेन्शनचा (येशूच्या स्वर्गारोहणाचा) गुरुवारही बहुधा मेमध्येच येतो. सुट्टीला रविवारचं वेळापत्रक लागतं. १ मेला तर बस आहे का इथपासून तपासा. मोनाकोची ग्रां प्री मोटारशर्यत मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला असते. त्या आठवड्यात मोनाकोतले रस्ते बंद होऊन मार्ग वळवतात, तेव्हा सरळ रेल्वे धरा.

सागरगोटे :
गावाबद्दल. बसचा शेवटचा थांबा रेल्वे स्थानकाजवळ. तिथून बिओव्हेस बागेतून कॅसिनोपर्यंत उतरत जा, दहा-बारा मिनिटं, एकही पायरी नाही. फेब्रुवारीत लिंबूमहोत्सवाचे लिंबा-संत्र्यांचे भलेमोठे पुतळे याच बागेत उभे असतात. मेमध्ये नुसती बाग, आणि बसायला बाकं.

मग समुद्र उजवीकडे ठेवून चालत राहा, मंडई लागेल. १८९८ची इमारत, चालते मात्र दुपारी एकपर्यंतच. म्हणून नीसहून साडेआठच्या सुमारास निघा. अकराला निघून एकला पोचणाऱ्यांना मंडई बंद आणि हॉटेलं तुडुंब असा दुहेरी फटका बसतो.

जुन्या गावाचं चर्च, साँ-मिशेल, वर आहे. धक्क्याकडून चढणारा तो प्रसिद्ध दुहेरी जिना आईंसाठी बादच. मंडईमागून रू लोंग या गल्लीने चढ सौम्य होतो, तरी शेवटच्या पायऱ्या चुकत नाहीत. खरं सांगायचं तर वर जाण्यापेक्षा समोरून पाहण्यातच मजा आहे. जुन्या बंदराच्या केई नेपोलियन तृतीय या लांब धक्क्यावर टोकापर्यंत जा, पूर्ण सपाट. मागे वळलात की पिवळी-केशरी घरं, वर चर्चचा मनोरा, त्यामागे डोंगर. सगळी चित्रं तिथूनच काढलेली असतात. धक्क्याच्या तोंडाशी सतराव्या शतकातला छोटा बुरूज आहे, त्यात झाँ कोक्तो या फ्रेंच कवी-चित्रकाराचं संग्रहालय. समुद्राकाठचं मोठं, आधुनिक कोक्तो संग्रहालय २०१८च्या वादळात पाणी शिरून बंद पडलं, त्यासाठी पायपीट करू नका.

पलीकडे साब्लेतचा किनारा. इथे बाकी बहुतेक ठिकाणी गोटे आहेत, अनवाणी चालणं म्हणजे शिक्षा. रबरी चपला घ्या.

उंबरठा :
मोठं काम झालं. दुपारी ऊन असेल तेव्हा सावलीत कुठे?

सागरगोटे :
व्हाल राहमे वनस्पती उद्यान, गाराव्हान भागात. मंगळवारी बंद, आणि मधल्या सुट्टीतही दार लावतात, वेळ बघून जा. ईस्टर बेटावरून नाहीसं झालेलं तोरोमिरो झाड इथे जपलंय. आत उतार आणि काही पायऱ्या आहेत. आईंना नको वाटलं तर गाराव्हानचा किनाऱ्यालगतचा रस्ता पुरे. तिकडे 'झेस्ट' नावाच्या गावबस जातात.

पुदिना_चटणी :
जेवण. हॉटेलांची स्वयंपाकघरं साधारण बारा ते दोन चालतात, अडीचला गेलात तर कॉफीच मिळेल. शाकाहाऱ्यांना मंडईच सोयीची.

सोका : हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या परातीत भट्टीत भाजतात. आपल्या बेसनाच्या पोळ्याची चुलतबहीण, फक्त हिंग-ओवा नाही. वरून मिरी मागा. गरम असतानाच खा, गार झाली की चामडं होते.
बार्बाजुआन : पालेभाजी आणि रिकोटा (मऊ ताजं चीज) भरलेली तळलेली करंजी. कुठे कुठे मांसही घालतात, विचारून घ्या.
पिसालादिएर : कांद्याचा सपाट पाव. इथे फसगत होते. वरचे अँकोव्ही मासे काढून टाकले तरी खाली त्याच माशांची पेस्ट असू शकते. घेऊ नका.

लिंबाचा टार्ट दुकानागणिक वेगळा. लिंबं घ्यायची तर 'सित्रों द माँतों' (माँतोंचं लिंबू) हे नाव आणि आयजीपी ही मूळ प्रदेशाची हमी देणारी खूण पाहा. ही खूण २०१५पासून आहे. नुसत्या पानासकट टोपलीत मांडलेलं प्रत्येक लिंबू इथलं नसतं. खऱ्या लिंबाला तोडणीनंतर मेण किंवा रसायन लावत नाहीत, म्हणून सालीसकट वापरता येतं. लोणचंवाल्यांनी नोंद घ्यावी. हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा, मेमध्ये कमी मिळतील.

तिसरी_खिडकी :
मोनाकोचं राहिलं. उतरू नका. गाव उभ्या कड्यावर आहे (सार्वजनिक उद्वाहनं आहेत, पण शोधण्यातच वेळ जातो) आणि नंतरच्या बसमध्ये खिडकी गेलीच. मधे उतरायचंच असेल तर परतताना बोलिय या गावी. सपाट आहे, किनारा जवळ. व्हिलफ्रांशला थांबा वर आणि बंदर खाली, परत चढावं लागतं.

परतीला साडेचारच्या आत माँतोंच्या शेवटच्या थांब्यावरूनच चढा. पाचनंतर मोनाकोत नोकरदारांची झुंबड उडते. उशीर झाला तर रेल्वेने या, स्थानक शेजारीच आहे. दोघींचे मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. मोनाकोला वेगळा व्हिसा लागत नाही, पण इटलीकडून येणाऱ्या गाड्या माँतों-गाराव्हान स्थानकावर थांबवून पोलीस कागद तपासतात, आणि तुमची परतीची गाडी बऱ्याचदा तिकडूनच आलेली असते.