सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा : कमी तेलातले फलाफल आणि आप्पेपात्र

शुक्रवार, रात्री

फ्लॅट २०४, वहिनी : सर्वांना नमस्कार. टाकीच्या दुरुस्तीचा विषय चालू असताना मध्येच स्वयंपाकाचे विचारते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. रविवारी माझी भाची पुण्याहून येत आहे. गेल्या वर्षापासून ती वीगन झाली आहे, म्हणजे मांस-अंडी तर नाहीच, पण दूध, दही, लोणी, तूप आणि मधसुद्धा तिला चालत नाही. तिला फलाफल, म्हणजे अरबी देशांतले वाटलेल्या चण्यांचे तळलेले वडे, फार आवडतात. इकडे आमच्या ह्यांना डॉक्टरांनी तळण पूर्ण बंद करायला सांगितले आहे. दोघांच्याही ताटात वाढता येईल असे काही करावे, म्हणून आज प्रयोग केला आणि तो साफ फसला. उसळीला शिजवतो तसे काबुली चणे कुकरमध्ये चार शिट्ट्या देऊन शिजवले, वाटले, कांदा-लसूण-कोथिंबीर घातली आणि दोन चमचे तेलावर तव्यात ठेवले. उलटायला गेले तर अर्धा गोळा उलथन्यावर आला आणि अर्धा तव्यालाच राहिला. मग आकार धरेपर्यंत बेसन घालत गेले. ह्यांनी दोन खाल्ले आणि "पिठले घट्ट झाले आहे, पण चव चांगली आहे" असे म्हणाले. कोणाला नीट जमत असेल तर कृपया सविस्तर सांगावे.

फ्लॅट ५०२, ताई : वहिनी, खरी चूक कुकरपाशी झाली आहे. आम्ही शारजाला नऊ वर्षे होतो, आणि आमच्या इमारतीखाली एका इजिप्शियन माणसाचे छोटेसे उपाहारगृह होते. तो चणे किंवा बाकला (वालासारखे मोठे कडधान्य) कधीच शिजवत नसे, फक्त रात्रभर भिजवत असे. शिजलेल्या चण्यातले स्टार्च आधीच पाणी पिऊन फुगलेले असते, त्यामुळे पुन्हा आच लागल्यावर ते गोळा बांधून ठेवू शकत नाही. भिजवलेल्या कच्च्या चण्यातले स्टार्च मात्र आच लागली की मगच फुगते, आजूबाजूचे पाणी धरून ठेवते आणि गोळा आपोआप आवळला जातो. डब्यातले तयार चणेदेखील शिजवलेलेच असतात, म्हणून तेही या कामाला उपयोगाचे नाहीत. इजिप्तमध्ये याला तामिया म्हणतात आणि तो सोललेल्या सुक्या बाकल्याचा करतात. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन या बाजूला चण्याचा करतात. मूळ पदार्थात दूधदुभते काहीच नसते, त्यामुळे तुमच्या भाचीची अडचण फक्त सोबतच्या चटणीत येईल.

फ्लॅट ४०१, काकू : ताई म्हणतात ते अगदी बरोबर आहे, आणि आपल्याला ते नवीनही नाही. डाळवड्याची डाळ आपण कधी शिजवतो का? भिजवतो, निथळतो आणि भरड वाटतो. फलाफल म्हणजे काबुली चण्यांचा, पालेभाजी भरपूर घातलेला डाळवडाच समजावा. मी दोन वर्षांपासून हा प्रकार आप्पेपात्रात करते आहे आणि कढई एकदाही चढवलेली नाही.

मी २०० ग्रॅम चणे घेते. सध्या पावसाची हवा आहे, बेळगावच्या गारठ्यात आठ तासांत चणे आतपर्यंत भिजत नाहीत, म्हणून बारा ते चौदा तास ठेवावेत आणि एकदा पाणी बदलावे. भिजला की नाही हे पाहायला एक चणा नखाने दुभंगावा. मध्ये पांढरट, कोरडा ठिपका दिसला तर अजून दोन तास ठेवावा. त्यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि घाईत तीच गाळली जाते. चणे चाळणीत अर्धा तास निथळल्यावर सुती पंच्यावर पसरून, वरून दुसऱ्या पंच्याने टिपून, हाताला ओल लागणार नाही इतके कोरडे करावेत. कोथिंबीर आणि पुदीनाही धुऊन असाच सुकवावा. तळताना थोडे जास्त पाणी असले तरी कढईतले गरम तेल ते उडवून लावते. आपण तेल काढून घेतो, तेव्हा ते पाणी गोळ्यातच राहते आणि गोळा बसतो. तेल कमी करायचे असेल तर आधी पाणी कमी करावे लागते.

मिक्सरमध्ये पाण्याचा थेंबही न घालता, थांबत थांबत फिरवावे. उगाळलेल्या गंधासारखे गुळगुळीत होऊ देऊ नये. जाड्या रव्याइतके भरड झाले की पुरे, मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि बोटांमधून पाणी सुटता कामा नये. त्यात एक मध्यम कांदा (किसून आणि पिळून), सहा पाकळ्या लसूण, दोन मुठी कोथिंबीर, एक मूठ पुदीना, भाजून भरड कुटलेले एक चमचा जिरे व एक चमचा धने, थोडी मिरपूड आणि मीठ घालावे. झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवावे. बेसनाची गरज पडत नाही. पडलीच, तर एक चमचा, त्याहून जास्त नाही. खायचा सोडा पाव चमचा, तोही पात्र चुलीवर ठेवल्यानंतरच मिसळावा.

फ्लॅट २०१, दादा : काकू, मी एअरफ्रायरमध्ये केले होते. बाहेरून खडे आणि आतून भुसा, अशी अवस्था झाली. तेल अजिबात लावले नव्हते, कारण उद्देशच तो होता.

फ्लॅट ४०१, काकू : तिथेच घोटाळा झाला. गरम हवा गोळ्याचा वरचा भाग आधी वाळवते, आणि तेलाचा पातळ हात नसेल तर तिथे कुरकुरीत पापुद्रा न येता नुसते कवच तयार होते. संपूर्ण खटाटोपाला दोन लहान चमचे तेल लागते, पण ते शून्यावर आणू नये. ब्रशने दोन्ही बाजूंना पुसटसा हात फिरवावा, गोळ्याऐवजी बोटभर जाडीची चपटी टिक्की करावी आणि १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे ठेवून मध्ये एकदा उलटावी. ओव्हन असेल तर २०० अंशांवर साधारण पंचवीस मिनिटे लागतात. तरीही माझे मत विचाराल तर आप्पेपात्राला तोड नाही, कारण त्याच्या खळग्यात गोळ्याला तिन्ही बाजूंनी आच लागते आणि वर झाकण ठेवले की आतली वाफ त्याला वाळू देत नाही.

शनिवार, सकाळ

फ्लॅट १०३, अक्का : सर्वांना नमस्कार. माझे माहेर म्हैसूरकडचे असल्यामुळे मला वाचताना आमच्या नुच्चिनुंड्यांची आठवण झाली. भिजवलेली तूरडाळ भरड वाटायची, त्यात शेपू, ओले खोबरे आणि मिरची घालायची, लांबट मुटके करायचे आणि इडलीसारखे उकडायचे. त्यात तळण नसतेच. वहिनींना आप्पेपात्राचा भरवसा वाटत नसेल तर फलाफलाचे गोळे आधी दहा-बारा मिनिटे उकडून घ्यावेत आणि मग थेंबभर तेलावर तव्यात खरपूस करावेत. फुटण्याची भीती राहत नाही. आणखी एक सुचवते. फलाफलात घालतात ती पार्सली (कोथिंबिरीसारखा पाला) इथे शोधत फिरण्यापेक्षा थोडा शेपू घालावा. बाजारात कन्नड भाजीवालीकडे मागायचा असेल तर सब्बसगी म्हणावे.

फ्लॅट ५०२, ताई : अक्का, तुम्ही नकळत अस्सल गोष्ट सांगितलीत. इजिप्तच्या तामियामध्ये शेपू घालतात, आणि पाला इतका असतो की गोळा मोडल्यावर आतून गर्द हिरवा दिसतो. बाहेरून तपकिरी आणि आतून हिरवा नसेल, तर पाला कमी पडला असे समजावे.

फ्लॅट २०१, दादा : ओलसरपणासाठी उकडलेले रताळे घातले तर? आपल्या तालुक्यात उत्तम रताळी पिकतात आणि त्यांत चरबी जवळजवळ नसतेच.

फ्लॅट ४०१, काकू : घालता येईल, पण मग त्याला रताळ्याची टिक्की म्हणावे. चण्याचा भरडपणा जातो आणि गोडसर चव लसणाशी भांडते. उपवासाच्या दिवसासाठी रताळे राहू द्यावे.

फ्लॅट १०३, अक्का : मी काकूंशी पूर्ण सहमत नाही. लहान मुलांसाठी चार गोळ्यांमागे एक चमचा रताळे चालते, मात्र त्याहून जास्त घालू नये.

फ्लॅट ३०२, काका : बँकेत आयुष्य गेल्यामुळे हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. सुक्या काबुली चण्यात शंभर ग्रॅममागे साधारण ६ ग्रॅम चरबी असते. २०० ग्रॅम चण्यांची १२ ग्रॅम झाली. पात्राला दोन लहान चमचे तेल, त्याची सुमारे १० ग्रॅम धरू. एकूण २२ ग्रॅम चरबीत वीस गोळे होतात, म्हणजे प्रत्येकी एक ग्रॅमच्या आसपास. इथपर्यंत उत्तम आहे. परंतु फलाफलासोबत जी तिळाची चटणी देतात, ताहिनी, ती निव्वळ वाटलेले तीळ असते, आणि तिळात निम्मे वजन तेलाचेच असते. चार मोठे चमचे ताहिनी, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम घेतली, तर ३० ग्रॅमच्या वर चरबी एका वाटीतच आली. म्हणजे वीसच्या वीस गोळ्यांपेक्षा चटणी जड झाली. कढई न चढवता वाचवलेले तेल आपण वाटीतून परत ताटात घेतो. दह्याची कोशिंबीर केली तर भाचीला चालणार नाही, तयार मेयोनेझमध्ये अंडे किंवा दूध असू शकते. तेव्हा यावर काय करावे ते गृहिणींनी सांगावे.

फ्लॅट ४०१, काकू : काका, गृहिणींनीच का? तुम्हीही करून पाहावे, सोपे आहे. दोन मोठे चमचे तीळ कोरडे भाजून आधी पूड करावी. त्यात अर्धी वाटी शिजवलेले चणे, लसणाची एक पाकळी, एका लिंबाचा रस, मीठ आणि गार पाणी घालून मऊसूत वाटावे. चटणीला दाटपणा चण्यांचा येतो आणि तिळाचा फक्त वास. वहिनी, कालच्या शिजवलेल्या चण्यांपैकी काही उरले असतील तर त्यांची जागा इथे आहे.

फ्लॅट २०४, वहिनी : एक वाटी तशीच फ्रिजमध्ये आहे. फेकायला मन होत नव्हते.

फ्लॅट ३०२, काका : दोन चमचे तिळांची ९ ग्रॅम आणि चण्यांची दोन-तीन ग्रॅम. सहा माणसांत वाटल्यास हरकत घेण्यासारखे काही नाही. वाटण मी करीन, मिक्सर धुण्याची जबाबदारी मात्र घेत नाही.

शनिवार, रात्री

फ्लॅट २०४, वहिनी : दुसरा प्रयोग झाला. एकही गोळा फुटला नाही, रंग सुंदर आला, ह्यांनी पाच खाल्ले. तरीही तो वाया गेला असेच म्हणावे लागेल, कारण शेवटचा घाणा उतरवताना लक्षात आले की पात्राच्या खळग्यांना मी सवयीने साजूक तूप लावले होते. आप्पे करताना हात आपोआप तुपाच्या वाटीकडे जातो. भाचीला हे वाढले असते तर तिला कळलेही नसते, पण मला झोप लागली नसती. दुसरे असे की दोन-तीन गोळ्यांच्या आत किंचित कच्चट वास राहिला.

फ्लॅट ५०२, ताई : बरे झाले, आजच कळले. उद्यासाठी तुपाची वाटी ओट्यावरून उचलून फ्रिजमध्ये ठेवावी आणि पात्र व उलथने गरम पाण्याने धुऊन घ्यावे.

फ्लॅट ४०१, काकू : कच्चट वास राहिला म्हणजे आच मोठी होती. वरून रंग लवकर आला आणि आत उष्णता पोहोचलीच नाही. चणे कच्चे असल्यामुळे ते आतपर्यंत शिजणे आवश्यक आहे, नाहीतर पोट बिघडते. खळग्यात तेलाचे तीन-चार थेंब टाकावेत, गोळा लिंबाएवढाच ठेवावा, मंद ते मध्यम आचेवर झाकण ठेवून सहा मिनिटे द्यावीत, मग सुईने उलटून झाकण न ठेवता आणखी पाच मिनिटे. पहिल्या घाण्यातला एक गोळा मोडून वास घ्यावा आणि मगच पुढचे लावावेत. तुमच्या ह्यांना रक्तदाबाचाही त्रास असेल तर सोडा गाळावा. सोड्यातही सोडियम असते. गोळे थोडे घट्ट होतील, एवढेच.

रविवार, दुपार

फ्लॅट २०४, वहिनी : सर्वांचे मनापासून आभार. आज शेंगदाणा तेलाचे थेंब वापरले आणि शेपू घातला. ज्वारीची भाकरी अर्धी दुमडून तिच्यात तीन गोळे, काकडी, कांदा, टोमॅटो आणि काकांनी वाटलेली चटणी असे भरून दिले. भाचीने गोळा मोडून आतला हिरवा रंग आधी मोबाईलवर टिपला आणि मग खाल्ला. वाटण थोडे उरले आहे. ते ठेवता येईल का?

फ्लॅट ४०१, काकू : सोडा घातला नसेल तर गोळे वळून, ताटात सुटे गोठवून, मग डब्यात भरावेत. बर्फाच्या कप्प्यात महिनाभर राहतात. सोडा घातलेले मात्र आजच संपवावे.

फ्लॅट २०४, वहिनी : सोडा घातलेला नाही. अक्का, माझे नॉनस्टिक पात्र सात खळग्यांचे आहे आणि तीन घाणे काढेपर्यंत पहिले गोळे गार होतात. तुमचे बारा खळग्यांचे बिडाचे पात्र संध्याकाळी मिळेल का?

फ्लॅट १०३, अक्का : अवश्य न्यावे, मी सहापर्यंत घरी आहे. फक्त परत देण्यापूर्वी साबणाने घासू नये. गरम पाण्याने पुसून, चुलीवर कोरडे करून, तेलाचा बोळा फिरवून द्यावे. इतक्या वर्षांचा तो काळा थर निघाला, तर चार थेंबांत भागणार नाही.