मदत हवी आहे: ताजफेल आणि शेरीफ या दोन मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग एकत्र कसे बसवायचे?
नमस्कार मंडळी, एमएच्या सेमिनारला ग्रुप आयडेंटिटी (माणूस स्वतःला एखाद्या गटातला कसा समजतो) घेतलंय आणि एका जागी गाडी अडकलीये. शेरीफचा १९५४ चा ओक्लाहोमातल्या कॅम्पमधला प्रयोग समजला, २२ पोरं, ईगल्स आणि रॅटलर्स असे दोन गट, बक्षिसासाठी स्पर्धा लावली की भांडणं आणि पाण्याच्या टाकीसाठी मिळून खपावं लागलं की हळूहळू दोस्ती. म्हणजे भांडणाला कारण तरी आहे. पण ताजफेलने ब्रिस्टलला शाळकरी पोरांना क्ले आवडतो की कँडिन्स्की (दोघे चित्रकार) असल्या फालतू कारणावरून गट दिले (तेही नावापुरतं, खरी वाटणी रँडम!), मग इतरांना पैसे वाटायला सांगितले; गटात कोण ते माहीत नाही, स्वतःला पैसे देता येत नाहीत, तरी आपल्या गटाला झुकतं माप. वर आपल्याला कमी मिळाले तरी चालतील पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त हवेत, हे तर कहरच वाटलं मला.

मग शेरीफचं म्हणणं अपुरं म्हणायचं का? आणि हे झुकतं माप खरंच स्वाभिमानासाठी (आपला गट वरचढ म्हणजे मीही भारी) की 'मी आपल्यांना दिलं तर तेही मला देतील' असा साधा हिशोब? यामागिशी हा जपानी मानसशास्त्रज्ञ असंच काहीतरी म्हणतो ना? सर म्हणतात टर्नर (ताजफेलचा सहकारी) वाच, पण सुरुवात कुठून करू? कोणी शिकवत असेल तर प्लीज सांगा, मराठीत काही असेल तर अजूनच बरं.