मदत हवी आहे: एपिग्राफवरून लेखकावरचा प्रभाव कितपत ठरवता येतो?

कादंबरीच्या सुरुवातीला येणाऱ्या एपिग्राफवर (म्हणजे तिथे दिलेल्या उद्धृत ओळींवर) लेख लिहितेय आणि एका मुद्द्यावर अडले आहे. उद्धृत दिलं म्हणजे त्या लेखकाचा प्रभाव आहे, असं म्हणता येतं का?

मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये (1818) अडचण येत नाही. शीर्षकपृष्ठावरच मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या काव्यातल्या ओळी आहेत: मला घडव म्हणून मी तुला सांगितलं होतं का, असं आदम निर्मात्याला विचारतो. पुढे कादंबरीत फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला जीव स्वतःच हे काव्य वाचतो, स्वतःची तुलना आधी आदमशी आणि मग सैतानाशी करतो. म्हणजे उद्धृत थेट कथानकात उतरलंय. चिनुआ अचेबेच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'चं (1958) तर शीर्षकच कवी येट्सच्या कवितेतलं.

पण 'द ग्रेट गॅट्सबी'च्या (1925) सुरुवातीच्या ओळी ज्या कवीच्या नावावर आहेत, तो फिट्झगेराल्डच्याच पहिल्या कादंबरीतलं पात्र आहे! जॉर्ज एलियटनेही 'मिडलमार्च'मधली कितीतरी प्रकरणारंभीची उद्धृतं स्वतःच रचली. इथे प्रभाव कोणाचा म्हणायचा?

उद्धृत ज्या कवितेतून घेतलंय ती मूळ कविता पूर्ण वाचून कादंबरीशी प्रतिमा, शब्दकळा, रचना ताडून पाहिली. साम्यं सापडतात, पण ती उद्धृत आधीच वाचल्यामुळे दिसतात की खरंच आहेत, हे कळत नाही. लेखकांची पत्रं, हस्तलिखितं मला पाहता येणार नाहीत. हाताशी फक्त छापील पुस्तकं आहेत. सिद्धांतापेक्षा वापरता येईल अशी पद्धत हवी आहे.

तर केवळ संहितेच्या आधारे, खोलवरचा प्रभाव आणि लिहून झाल्यावर शोभेसाठी जोडलेलं उद्धृत यांत फरक कसा करायचा?